कचरा कुठे टाकायचा ते कळलं साहेब, आता कमी कसा करायचा ते शिकवा

प्रति,
खान्देशातल्या सगळ्या महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींचे आयुक्त, मुख्याधिकारी, आरोग्य निरीक्षक आणि आमचे नगरसेवक भाऊ-ताई,

नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला राहते, घर सांभाळते आणि गल्लीतल्या बचत गटाचं काम बघते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एका गावाचं नाहीये, माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, बहीण नंदुरबारला दिलेली, तिन्हीकडे जाणं-येणं असतं आणि तिन्हीकडे तेच दिसतं म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे.

दोन बकेटींचं आम्हाला कळलं साहेब. ओला वेगळा, सुका वेगळा, हिरवी बकेट, निळी बकेट, हे आता बालवाडीतलं पोरगं पण सांगतं. भिंती रंगवल्या, रिक्षाला स्पीकर लावून फिरवला, घंटागाडीवर रोज गाणं वाजतं, स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की शाळेच्या पोरांची रॅली निघते. हे चांगलंच आहे, गल्लीच्या तोंडाला जो उकिरडा होता तो आज नाही आणि त्याचं श्रेय तुमच्या सफाई कामगारांचं आहे, मनापासून सांगते. पण इतक्या वर्षांत एकदा तरी कुणी येऊन विचारलं का, की ताई तुमची बकेट रोज एवढी भरते कशाने? ती अर्धी कशी होईल? ते कुणीच शिकवत नाही आणि माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे.

२०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम काढून बघा प्लीज. त्यातल्या १५ व्या नियमात स्थानिक स्वराज्य संस्थांची कामं दिली होती आणि लोकांना काय काय शिकवायचं त्याची यादीच होती. पहिलं, कचरा कुठेही टाकू नका. दुसरं, कचरा मुळातच कमी करा. तिसरं, जमेल तितकं परत वापरा. वर्गीकरण चौथं होतं साहेब, चौथं! त्याच्या पुढे मग घरी खत करणं वगैरे. म्हणजे तुम्ही पहिल्यावरून डायरेक्ट चौथ्यावर उडी मारली आणि मधलं दुसरं-तिसरं राहूनच गेलं. आता २०२६ चे नवे नियम आले आहेत, येऊ देत, पण आधी कमी करा आणि मग बाकीचं, हा क्रम काही कुणी उलटा केलेला नाही. आणि कमी करण्यात नगरपालिकेचाच फायदा आहे ना, गाडीच्या खेपा कमी, डिझेल कमी, कचरा डेपोवरची जागा कमी लागते. जिथे ठेका वजनावर दिलेला असेल तिथे ठेकेदाराला कचरा कमी झालेला परवडणार नाही हे मला कळतं, पण मग ठेका कसा द्यायचा तो विचार तुम्ही करायचा, आमच्या शिकण्याची अडचण त्याच्यामुळे होऊ नये.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा डेपोवरच्या ढिगाचं काय होत असेल? भाजीची देठं, शिळं अन्न, केळीची सालं, हे सगळं एकावर एक दाबलं जातं, आत हवा जात नाही, ते सडून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेटतो. मग त्याच्यासोबत प्लास्टिक पण जळतं, आणि तो धूर ज्या वस्तीत जातो तिथल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना विचारा. उघड्यावर कचरा जाळला तर दंड करा असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच सांगितलं आहे, साधा जाळला तर ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार. पण ढीग आपोआप पेटतो तेव्हा दंड कुणाला करणार? घरातल्या कचऱ्यात अर्ध्याच्या आसपास ओलाच असतो, तो घरातून निघालाच नाही तर ढिगात आग लागायचं मोठं कारणच जातं.

आता खताचं. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत आणि सगळ्यात जास्त फायदा पण इथेच आहे. तुमच्या पत्रकावर लिहिलेलं असतं, घरच्या घरी खत तयार करा, बस, एवढंच. कसं करायचं? मोबाईलवरचे व्हिडिओ बघितले तर पुण्या-बंगलोरचे लोक सांगतात कोकोपीट आणा, तीन मजली डबा ऑनलाईन मागवा, कल्चर म्हणजे कुजवायचं विरजण मागवा, आणि त्याचा आकडा बघून बाई मोबाईल ठेवून देते. अहो, आपल्याकडे काय कमी आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराघरात नवीन घागर येते, माठ येतो. जुना माठ पाणी गार करत नाही कारण त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, मग तो कोपऱ्यात पडतो नाहीतर फुटून घंटागाडीत जातो. तोच माठ खताला एक नंबर. बाजूने आणि बुडाला खिळ्याने हळूहळू भोकं पाडायची, खाली दोन विटा ठेवायच्या, तळाला वाळलेल्या काड्या नाहीतर नारळाच्या शेंड्या टाकायच्या, आणि मग एक थर ओला की वर दोन थर सुका. सुका म्हणजे काय, तर झाडाचा पालापाचोळा, केळीची वाळलेली पानं, गव्हाचा भुसा, तुरीचा भुसा, जे शेजारच्या मळ्यात फुकट मिळतं ते. सुरुवातीला मूठभर जुनं शेणखत नाहीतर आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं.

वास येतो म्हणून बाया सोडून देतात. वास आला म्हणजे ओलं जास्त झालंय आणि हवा मिळत नाहीये, त्यात सुका पाला वाढवायचा आणि काठीने खालीवर करायचं, दोन दिवसात वास जातो. अळ्या दिसल्या की लोक घाबरतात, त्या अळ्या खरकटं खाऊन खतच करतात, भुसा वाढवला की त्या पण कमी होतात. आणि आपल्याकडची खास अडचण, जी पुण्याच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही, ती म्हणजे एप्रिल-मे मध्ये माठातलं सगळं वाळून कडक होतं आणि कुजायचं थांबतं, मग बाईला वाटतं आपलं खत फेल गेलं. फेल नाही गेलं, माठ सावलीत घ्या, वरून ओलं गोणपाट टाका, हाताने पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागलं पाहिजे पण पाणी गळायला नको. पावसाळ्यात ह्याच्या उलटं, झाकण पाहिजे आणि सुका पाला आधीच पोत्यात भरून ठेवला पाहिजे. दोन-तीन महिन्यात काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. तेलकट रस्सा, मटणाची हाडं सुरुवातीला टाकू नये. एवढं सगळं एका भिंतीवर लिहून होत नाही साहेब, हे हाताने करून दाखवावं लागतं, आणि ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी विचारायला गल्लीत कुणीतरी पाहिजे.

तसंच अन्नाचं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात अंदाज दिलाय की भारतात घराघरातून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. हिशोब करा, पाच माणसांच्या घरात पावणेतीन क्विंटल. आपल्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांचं धान्य कसं घेतात? घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून, सव्वा मूठ सव्वा मूठ, आणि झालेले रोट घरातच पौर्णिमेच्या आत संपवायचे. मोजून घ्यायचं आणि घेतलेलं संपवायचं, हे आपल्या घराघरात माहिती आहे, त्याच्यासाठी वेगळं स्लोगन कशाला पाहिजे. कानबाईच्या दिवसात हेच बोला ना लोकांशी, की वर्षभर रोज भाकरी टाकताना पण असंच मोजून टाकू. त्याच्या उलट आज लग्नाच्या पंगतीत काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, वांग्याची भाजी, वरण-बट्टी, वर चायनीजचा काउंटर, पाण्याच्या छोट्या बाटल्या अर्ध्या पिऊन फेकलेल्या. थंडीत केळीच्या पानावर भरीत पार्टी होते तेव्हा मागे काय उरतं? पान गुरांना जातं नाहीतर बांधावर कुजतं. सातपुड्यातल्या बाया पळसाच्या पत्रावळी-द्रोण करतात, त्यांचा माल मंगल कार्यालयांनी घेतला तर तिथल्या घरांना चार पैसे मिळतील. आणि प्रत्येक वॉर्डात नगरपालिकेने स्टीलच्या ताट-वाटी-पेल्यांचा एक सेट ठेवावा, पूर्वी गावात पंगतीची भांडी असायचीच की, डिपॉझिट घ्या, घासून परत आणायच्या अटीवर द्या. कागदी कपाला लोक कागद समजतात पण त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, आयआयटी खरगपूरच्या लोकांनी तपासलं तर गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर १०० मिलीत प्लास्टिकचे २५ हजार बारीक कण सुटले. हे मला तुमच्या एकाही फ्लेक्सवर कधी दिसलं नाही.

फ्लेक्सचं पण बोलायचंच आहे. जनजागृतीचा फ्लेक्स हा पीव्हीसीचा असतो, तो ना खतात जातो ना नीट रिसायकल होतो, जाळला तर विषारी धूर. कचरा कमी करा हे सांगायला तो कशाला पाहिजे? कापडी बॅनर करा, बचत गटाच्या बाया शिवून देतील, दरवर्षी तोच वापरता येईल.

सुक्या कचऱ्याबद्दल लोकांना एकच गोष्ट सांगितली जाते की तो निळ्या बकेटीत टाका. पण त्यातलं काय विकलं जातं आणि काय नाही, ते सांगत नाही. हे सगळ्यात चांगलं कुणाला माहिती असतं? भंगारवाल्याला. रद्दी, पुठ्ठा, पत्रा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या तो घेतो. जळगावच्या एमआयडीसीत जुन्या प्लास्टिकचे दाणे करून चटया विणतात, तो आपल्या जिल्ह्याचा नावाजलेला धंदा आहे, म्हणजे तेवढं प्लास्टिक मार्गी लागतं. पण शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, मसाल्याची चकचकीत पाकिटं, ह्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम असे थरावर थर चिकटवलेले असतात, ते वेगळे करायला परवडत नाहीत म्हणून भंगारवाला हात पण लावत नाही. त्यांचं पुढे काहीच होत नाही, ती पाकिटं नाल्यात, गाईच्या पोटात नाहीतर ढिगात जातात. तर शिकवायचं हे, की अशी वस्तू घरात आणायच्या आधी विचार करायचा. काळा मसाला आपण घरीच करतो. तेल घाण्यावरून स्वतःच्या कॅनमध्ये आणता येतं. डाळ-तांदूळ सुटा मिळतो, डबा घेऊन गेलं की दुकानदाराने आधी डब्याचं वजन करून घ्यायचं आणि मग माल भरायचा, पण बरेच दुकानदार कटकट नको म्हणून करत नाहीत, त्यांना तुम्ही सांगा. राज्यात प्लास्टिक पिशवीवर बंदी २०१८ च्या मार्चमध्ये आली, जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा ५ हजार. सुरुवातीला धाडी पडल्या, आणि आज आठवडे बाजारात जाऊन बघा, मेथीच्या जुडीला पण पिशवी. धाडीने लोक काही दिवस घाबरतात, पण बाजाराच्या तोंडाला जुन्या साड्यांच्या पिशव्या डिपॉझिटवर देणारी एक बाई बसवली आणि वर्षभर बसवली तर सवय लागेल. तिला रोज द्या, हे काम फुकट करून घेऊ नका.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे हे पण नीट शिकवा, कारण ते उघडे टाकले की सफाई कामगार ताईच्या हाताला लागतात. एवढं एक वाक्य जरी घंटागाडीवाल्या दादाने प्रत्येक दारात सांगितलं तरी पुष्कळ आहे.

आता साधं राहण्याबद्दल, आणि हे लिहिताना मला थोडा राग आहे तो मी लपवत नाही. साधे रहा, कमी वापरा, हे सांगायला तुमच्या रॅल्या झोपडपट्टीत जातात. अहो, तिथल्या घरात फेकण्यासारखं असतं काय? तिथे एक बाटली चार वर्षं पाण्याला चालते, जुन्या लुगड्याची गोधडी होते, गोधडी फाटली की पोतेरं होतं. कचरा जास्त होतो तो आमच्यासारख्या कॉलन्यांमध्ये, जिथे ऑनलाईन खोके येतात, दोन फ्रिज असतात, प्रत्येक वाढदिवसाला थर्माकोलचं डेकोरेशन असतं. आधी कॉलनीत या, बंगल्यात या, डॉक्टर-वकील-प्राध्यापकांच्या सोसायटीत या, तुमच्या स्वतःच्या क्वार्टरमध्ये सुरू करा. गरिबाला साधेपणा शिकवू नका, त्याच्याकडून आम्हाला शिकवा.

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते आपल्या यावल तालुक्यात, फैजपूरला. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी तिथली सजावट आजूबाजूला मिळणाऱ्या बांबूपासून, गावातल्या साध्या वस्तूंपासून केली. देशभरातून माणसं आली आणि बांबूच्या मांडवात बसली. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे, मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. सांगत बसण्यापेक्षा करून दाखवायचं आणि बघून बघून मुलं शिकायची. जनजागृती म्हणून मला ही पद्धत पटते, आणि ती जिथे घडली ते अमळनेर आपल्याच जिल्ह्यात आहे.

मग शिकवणार कोण? तुम्ही बाहेरून एजन्सी लावता, ती चार पोरं टी-शर्ट घालून येतात, हिंदीत बोलतात, फोटो काढून जातात. त्या पोरांचा दोष नाही, त्यांना तेवढंच काम दिलेलं असतं. पण आमच्या गल्लीत सत्तरीच्या पुढच्या आज्या आहेत, त्यांनी उकिरड्याचं शेणखत केलंय, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर स्वयंपाक केलाय, जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडी घेतली आहेत, त्यांच्या तोंडी रोज असतं, "फेकू नको, काममा ई ते", म्हणजे कामात येईल ते. त्यांना शिक्षिका करा. भंगारवाल्याला शाळेत बोलवा, तो पोरांना अर्ध्या तासात प्लास्टिकचे प्रकार शिकवेल. सफाई कामगार ताईला माईक द्या. ह्या सगळ्यांना मानधन द्या, एजन्सीला देता त्यातलंच. आणि भाषा आमची असू द्या, अहिराणीत बोला, लेवा गणबोलीत बोला, नंदुरबारकडे भिली-पावरीत बोला, घंटागाडीवरचं रेकॉर्डिंग पण बदला. हॉलमध्ये खुर्च्या मांडून बोलावलं तर दुपारी कुणी बाई येत नाही, पण उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे-कुरडया-पापड करायला गल्लीतल्या सगळ्या जणी सकाळी सकाळी एकत्र असतात, तिथे या. हात कामात आणि कान मोकळे, ह्याच्यापेक्षा चांगला वर्ग कुठे मिळेल.

शाळांना पण एक विनंती. चित्रकला स्पर्धा आणि घोषवाक्य बास झालं आता. राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे, त्याच्या शपथा पोरांनी घेतल्या. आता सातवी-आठवीच्या पोरांना एकेक ताणकाटा द्या आणि आठवडाभर घरच्या कचऱ्याचं वजन वहीत लिहायला लावा, ओला किती, सुका किती, त्यात न विकला जाणारा किती. दुसऱ्या आठवड्यात घरच्यांशी बोलून एकच गोष्ट बदलायची, कुणी पिशव्या बंद करेल, कुणी माठ सुरू करेल, आणि परत वजन. गणित पण होतं, विज्ञान पण होतं, आणि आई-बाप पोराच्या वहीपुढे गप्प बसतात.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने त्यांच्या डंपिंग ग्राउंडचं पर्यटन स्थळ केलं, लोक बघायला जातात. छोटं गाव आहे ते, आपल्या तालुक्याच्या गावांएवढं सुद्धा नाही. त्यांना जमलं तर आपल्याला न जमण्यासारखं त्यात काय आहे?

माझं मागणं फार नाही. जनजागृतीच्या बजेटमधले काही पैसे तरी नुसत्या कचरा कमी करण्याच्या शिकवणीसाठी वेगळे काढा. प्रत्येक वॉर्डातून रोज किती किलो ओला आणि किती सुका निघतो ते महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहा, म्हणजे आम्हाला कळेल आम्ही कमी केला की वाढवला, वॉर्डा-वॉर्डात चुरस पण लागेल. आणि आखाजीच्या आधी, जुने माठ फेकले जायच्या आधी, प्रत्येक वॉर्डात एक दिवस माठाचं खत करून दाखवायचा कार्यक्रम ठेवा. आमच्या गटाच्या बाया शिकवायला तयार आहेत, भुसा आणि पाला आम्ही गोळा करून ठेवू, तुम्ही फक्त जागा द्या, एक ड्रिल मशीन द्या आणि आरोग्य निरीक्षक साहेबांना पूर्ण वेळ बसायला सांगा, फोटोपुरतं नको. तारीख काय ठरते ते आठ दिवस आधी कळवा, म्हणजे शेतात मजुरीला जाणाऱ्या बायांना पण सुट्टी काढता येईल.

आपली,
बचत गटातली एक बाई